विश्लेषण : स्वमग्न मुलांची बाजू घेणारे डॉ. हान्स अ‍ॅस्पर्गर वादात का सापडले?

बोलण्यात तरबेज, एखाद्या विषयात कमालीची हुशार, पण चारचौघांत वावरताना गोंधळणारी मुले. अशा मुलांच्या निदानाला कित्येक वर्षे ‘अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम’ म्हटले जाई. ज्यांच्यावरून हे नाव पडले, ते ऑस्ट्रियाचे बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्गर. १८ फेब्रुवारी हा त्यांचा जन्मदिवस ‘अ‍ॅस्पर्गर दिन’ म्हणून पाळला जातो. नाझी राजवटीत स्वमग्न मुलांच्या पाठीशी उभा राहिलेला डॉक्टर, अशी त्यांची ख्याती होती. २०१८मध्ये व्हिएन्नातील जुन्या फायलींवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले आणि ही प्रतिमा ढासळली. त्या फायलींत होते तरी काय?

व्हिएन्नातील वॉर्ड

अ‍ॅस्पर्गर यांचा जन्म १९०६ सालचा, व्हिएन्नातला. १९३१मध्ये डॉक्टर झाल्यावर ते विद्यापीठाच्या बालरुग्णालयात रुजू झाले. तिथे एर्विन लाझार यांनी १९११मध्ये सुरू केलेला एक वेगळाच वॉर्ड होता. शाळेतून काढून टाकलेली, घरात कुणाचे न ऐकणारी, एका जागी न बसणारी, मारामाऱ्या करणारी मुले तिथे पाठवली जात. आजच्या काळात यातल्या काहींना स्वमग्नतेचे, तर काहींना ‘एडीएचडी’चे, म्हणजे अवधान टिकत नसल्याचे आणि अतिचंचलतेचे निदान झाले असते, असे मानायला जागा आहे.

मुलांना तपासून लगेच घरी पाठवायचे, ही इथली पद्धत नव्हती. मुले काही आठवडे वॉर्डातच राहत. ती कशी खेळतात, कशी जेवतात, कशाने चिडतात, कशात रमतात, हे डॉक्टर आणि परिचारिका रोज पाहत. व्हिक्टोरिन झाक नावाच्या परिचारिका संगीत, व्यायाम आणि खेळ घेत. अ‍ॅस्पर्गर यांच्या नावावर जमा झालेले बरेचसे निरीक्षण मुळात या सगळ्या चमूचे आहे. त्यातले गेऑर्ग फ्रांकल आणि आनी वाइस हे दोघे ज्यू होते. दोघांनाही पुढे अमेरिका गाठावी लागली.

रुग्णालयाचे प्रमुख फ्रांझ हाम्बुर्गर हे नाझी विचारांचे होते. त्यांच्या कारकिर्दीत ज्यू डॉक्टर एकेक करून बाहेर पडले आणि तरुण अ‍ॅस्पर्गर तिशीच्या आतच वॉर्डप्रमुख झाले. वॉर्डात त्यांच्याहून अनुभवी फ्रांकल होते. अ‍ॅस्पर्गर स्वतः कट्टर कॅथलिक होते आणि ते नाझी पक्षाचे सदस्य कधीच झाले नाहीत, हेही नोंदवायला हवे.

चार मुले आणि एक प्रबंध

मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅस्पर्गर यांनी एका व्याख्यानात आपल्याच कोशात राहणाऱ्या मुलांचे वर्णन केले. १९४४मध्ये त्यांचा सविस्तर प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात चार मुलांची तपशीलवार वर्णने आहेत. त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा बालवाडीतून काही दिवसांतच घरी परत पाठवला गेला होता. तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे, सांगितलेले ऐकत नसे. पण १२०चा दोन तृतीयांश किती, असे कुणी गमतीने विचारले की ८० हे उत्तर तयार असे!

ही मुले बिघडलेली नाहीत, त्यांचा स्वभाव जन्मजात आहे आणि त्याच्या खुणा अनेकदा आईवडिलांतही दिसतात, असे अ‍ॅस्पर्गर यांचे म्हणणे होते. मुलाला ज्या विषयाचे वेड आहे, तिथूनच त्याला शिकवायला सुरुवात करा, असा त्यांचा आग्रह होता. लहानपणी असेच वागणारा एक विद्यार्थी पुढे न्यूटनच्या गणितातली चूक दाखवून विद्यापीठात शिकवू लागला, हेही उदाहरण त्यांनी दिले. स्वमग्न मुलांच्या शिक्षणाबद्दल आज जे सांगितले जाते, त्यातले बरेच काही या प्रबंधात सापडते.

असे वर्णन करणारे ते पहिले मात्र नव्हेत. मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी अशा सहा मुलग्यांबद्दल १९२०च्या दशकातच लिहिले होते. अमेरिकेत लिओ कॅनर यांचा ११ मुलांवरील निबंध १९४३मध्ये आला आणि व्हिएन्ना सोडून गेलेले फ्रांकल तोवर कॅनर यांच्याच रुग्णालयात काम करून गेले होते.

फायलींमध्ये काय सापडले?

व्हिएन्नाच्या टेकडीवर श्टाइनहोफ नावाचे मोठे मनोरुग्णालय होते. त्याच्या आवारात जुलै १९४०मध्ये ‘आम श्पीगेलग्रुंड’ ही मुलांची संस्था सुरू झाली. बाहेरून ती उपचारांची जागा दिसे. आत मात्र, ज्यांच्यात सुधारणा होणार नाही असे डॉक्टरांना वाटे, त्या मुलांची नावे बर्लिनला कळवली जात. तिथून मंजुरी आली की झोपेच्या औषधांचे डोस दिले जात. मूल अशक्त होई आणि मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा न्यूमोनिया लिहिला जाई. १९४५पर्यंत तिथे ७८९ मुले दगावली. संस्थेचा पहिला प्रमुख एर्विन येकेलियस याने पूर्वी अ‍ॅस्पर्गर यांच्याच रुग्णालयात काम केले होते.

इतिहासकार हेर्विग चेक यांना अभिलेखागारात अ‍ॅस्पर्गर यांचे अहवाल मिळाले. तीन वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलीला मेंदूला सूज येऊन गेल्यानंतर गंभीर अपंगत्व आले होते. २७ जून १९४१च्या अहवालात अ‍ॅस्पर्गर यांनी लिहिले की, घरी पाच निरोगी मुले सांभाळणाऱ्या आईवर या मुलीचा भार असह्य आहे आणि तिला कायमचे श्पीगेलग्रुंडमध्ये ठेवणे आवश्यक आहे. १ जुलैला ती दाखल झाली. २ सप्टेंबरला, म्हणजे तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, ती गेली. कारण न्यूमोनिया. पाच वर्षांच्या आणखी एका मुलीलाही त्यांनी तिथेच पाठवले. तीही वाचली नाही.

दुसरा कागद याहून कोरडा आहे. १९४२मध्ये व्हिएन्नाजवळच्या गुगिंग येथील संस्थेतल्या मुलांची छाननी करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिच्या सात सदस्यांत अ‍ॅस्पर्गर होते. कोण शिकू शकेल आणि कोण नाही, एवढेच समितीने ठरवायचे होते. सुमारे २१० मुलांपैकी ३५ जणांवर शिकू न शकणारे असा शेरा पडला. त्यांना श्पीगेलग्रुंडला पाठवण्यात आले आणि ते सर्व दगावले.

प्रबंधातली कळकळ आणि हे कागद एकाच माणसाचे कसे? चेक आणि ‘अ‍ॅस्पर्गर्स चिल्ड्रन’ हे पुस्तक लिहिणाऱ्या इतिहासकार एडिथ शेफर यांच्या मांडणीतून एक उत्तर निघते. हुशारीची चुणूक असलेली, पुढे समाजाच्या कामी येतील अशी मुले, यांच्यासाठी अ‍ॅस्पर्गर भांडले. ज्यांच्याकडून अशी अपेक्षा नव्हती, त्यांच्यासाठी त्यांच्याकडे तो शब्द नव्हता. समितीने ओढलेली रेघ आणि प्रबंधातली रेघ फार वेगळ्या नव्हत्या.

बचाव काय?

आपण मुलांची नावे कळवण्यास नकार दिला, त्यामुळे गेस्टापोचे लोक आपल्याला पकडायला आले आणि हाम्बुर्गर यांनी वाचवले, असे अ‍ॅस्पर्गर यांनी म्हातारपणी सांगितले. त्याला स्वतंत्र कागदोपत्री आधार मिळालेला नाही. उलट, ते पक्षाशी जोडलेल्या संघटनांत होते आणि त्यांच्या राजकीय विश्वासार्हतेबद्दल अधिकाऱ्यांची तक्रार नव्हती, असे नोंदी सांगतात.

तरीही सगळ्या अभ्यासकांचे एकमत नाही. मुलांना पाठवताना तिथे हत्या होतात हे अ‍ॅस्पर्गर यांना माहीत होते, असे सिद्ध होत नाही, असा युक्तिवाद अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डीन फॉक यांनी केला आहे. त्यांनी पाठवलेली सगळीच मुले मारली गेली नाहीत आणि अनेकांसाठी त्यांनी दुसऱ्या संस्थेची शिफारस केली, हेही खरे. पण श्टाइनहोफमध्ये काय चालते याची कुजबुज १९४०पासूनच शहरात होती आणि रुग्णांच्या नातेवाइकांनी तिथे निदर्शनेही केली होती. मुलांच्याच क्षेत्रातला, येकेलियसला ओळखणारा डॉक्टर पूर्ण अनभिज्ञ असेल, हे पटणे कठीण आहे.

युद्धानंतर काय झाले?

१९४३मध्ये अ‍ॅस्पर्गर लष्करी डॉक्टर म्हणून युगोस्लाव्हियाच्या आघाडीवर गेले. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात वॉर्ड उद्ध्वस्त झाला आणि झाक मृत्युमुखी पडल्या. युद्ध संपल्यावर अ‍ॅस्पर्गर यांना कसलीच अडचण आली नाही. इन्सब्रुक आणि मग १९६२पासून व्हिएन्ना येथे ते प्राध्यापक आणि रुग्णालयप्रमुख झाले. १९७७मध्ये निवृत्त झाले आणि १९८०मध्ये वारले. श्पीगेलग्रुंडच्या मुलांचे मेंदू मात्र पुढे कित्येक वर्षे संशोधनाचे नमुने म्हणून बरण्यांत होते. ते अवशेष व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत पुरले गेले ते थेट २००२मध्ये.

जगप्रसिद्धी अ‍ॅस्पर्गर यांना पाहायला मिळाली नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांनी १९८१मध्ये एका निबंधात हे नाव निदानाला दिले. विंग यांची मुलगी स्वमग्न होती. केवळ न बोलणाऱ्या मुलांकडे लक्ष जाते आणि बोलणारी मुले निदानाविना राहतात, हे त्यांना बदलायचे होते. १९९०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि अमेरिकेच्या निदान-यादीत हे नाव आले. जगभर असंख्य मुलांना, आणि मोठ्यांनाही, आपण असे का आहोत याचा उलगडा या नावामुळेच झाला.

हे नाव आता वापरात आहे का?

अमेरिकेच्या यादीतून ते २०१३मध्येच गेले, म्हणजे फायलींचा वाद पेटण्यापूर्वी. कारण वैद्यकीय होते. अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम आणि सौम्य स्वमग्नता यांतला फरक डॉक्टरांना सारखेपणाने करता येत नव्हता. त्यामुळे सर्व प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एका नावाखाली आले. त्याच वेळी आणखी एक अडसर दूर झाला. त्याआधीच्या यादीनुसार एकाच मुलाला स्वमग्नता आणि एडीएचडी ही दोन्ही निदाने देता येत नसत; आता देता येतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली यादीही अ‍ॅस्पर्गर हे नाव वापरत नाही.

भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांतही नोंद आहे ती ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर अशीच. जुन्या रिपोर्टवर अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम असे निदान असेल, तर आजच्या पद्धतीनुसार ते ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच मोडते. हे नाव स्वतःची ओळख म्हणून वर्षानुवर्षे मिरवलेल्यांपैकी काहींनी ते २०१८नंतर टाकून दिले, तर काही अजूनही वापरतात.