लॉरेन्स ऑफ अरेबिया: सुपरबाइक, सहा दिवसांचा कोमा आणि आपलं हेल्मेट

हसनाबादहून राजूरच्या गणपतीला बाइकवर जाताना एक गोष्ट कधी लक्षात आली का? रस्ता लांबवर सरळ दिसतो, पण मधेच एखादा उतार असा येतो की त्यात चाललेली सायकल, बैलगाडी किंवा मागचा लाइट नसलेली ट्रॉली आपल्याला दिसतच नाही. रस्ता रिकामा आहे असं वाटतं आणि हात आपोआप ॲक्सिलरेटर पिळतो. जगातल्या एका फार नावाजलेल्या रायडरचा जीव अशाच उतारावर गेला.

त्याचं नाव टी. ई. लॉरेन्स. जन्म १८८८, वेल्समधलं ट्रेमाडॉग गाव. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध अरबांच्या बाजूने वाळवंटात लढला आणि जगभर गाजला. १९६२ चा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा सिनेमा त्याच्यावरच आहे, आणि त्या सिनेमाची सुरुवात उंटावर नाही, मोटरसायकलवर होते.

प्रसिद्धीचा त्याला कंटाळा आला. कर्नलपद सोडून तो १९२२ मध्ये नाव बदलून ब्रिटिश हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. नोकरीत कराचीला आला. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. १९२९ च्या जानेवारीत तो परत गेला तोही आपल्या मुंबई बंदरातून, ‘राजपुताना’ या बोटीने.

आता त्याच्या गाडीबद्दल. नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रफ ‘ब्रफ सुपीरियर’ नावाच्या मोटरसायकली बनवायचा. तिचं एसएस १०० मॉडेल ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, धावेल अशी कंपनीची हमी असायची. शंभर वर्षांपूर्वी! ब्रेक मात्र साधे ड्रम ब्रेक. एबीएस हा शब्दही नव्हता. लॉरेन्सने अशा एकामागून एक सात ब्रफ वापरल्या, आठवीची ऑर्डर दिलेली होती. म्हणजे हात कच्चा नव्हता, हे लक्षात घ्या.

आणि माणूस बेफिकीर होता म्हणावं तर तेही जमत नाही. प्लिमथजवळ समुद्रात विमान कोसळताना त्याने पाहिलं आणि बुडणाऱ्यांपर्यंत लवकर पोचणाऱ्या वेगवान बोटींच्या कामात पुढची काही वर्षं घातली. दुसऱ्यांच्या सुरक्षेचा विचार करणारा हा माणूस स्वतः मात्र उघड्या डोक्याने गाडी चालवायचा. तेव्हा सगळेच तसे चालवायचे म्हणा.

१९३५ च्या फेब्रुवारीत तो निवृत्त झाला. १३ मे रोजी बोव्हिंग्टनला जाऊन एक तार केली आणि डॉर्सेटमधल्या आपल्या छोट्या घराकडे निघाला. घर जवळच होतं. उतारात दोन मुलं सायकलवर चालली होती, ती त्याला दिसली उशिरा. वाचवायला त्याने गाडी वळवली, एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. लॉरेन्स सहा दिवस बेशुद्ध होता. १९ मे रोजी गेला. वय ४६.

वेग किती होता? एका साक्षीदाराने ५० ते ६० मैल सांगितला, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये सापडली आणि त्यात ती जेमतेम ३८ मैल जाते. म्हणजे साधारण ६० किलोमीटर. आपण रोज जातो तेवढाच! हिशोब करून बघा. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, ते १७ मीटर गेले. कोरड्या डांबरावर ब्रेक नीट लागला तरी आणखी २० मीटर. झाले ३७. तेच ताशी ४० ला साधारण २० मीटरमध्ये काम होतं.

ॲडव्हान्स रायडिंगच्या ट्रेनिंगमध्ये नेमकं हेच शिकवतात. जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. आधी जागा घ्यायची, मग वेग कमी, मग गिअर, आणि वळण उघडल्यावर ॲक्सिलरेटर. ही पद्धत लंडन पोलिसांच्या हेंडन इथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तयार झाली, १९३० च्या दशकातच. गंमत बघा, हेंडनचं पोलीस कॉलेज काढणारे लॉर्ड ट्रेंचर्ड हे लॉरेन्सचे हवाई दलातले जुने साहेब आणि मित्र. त्याला मात्र हे शिक्षण कधी मिळालं नाही.

त्याच्या खाटेशी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूचे सर्जन होते. ते त्याला वाचवू शकले नाहीत, पण तो विषय त्यांनी सोडला नाही. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी आकडे काढले: पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले मेले होते. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना फक्त सात सापडले आणि सातही जगले. सात हा आकडा लहानच, तरी १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा लेख छापून आला आणि नोव्हेंबरमध्ये सैन्याने निरोप पोचवणाऱ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सक्ती यायला १९७३ उजाडलं. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ तेच सांगतं. हेल्मेट घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस ४१५१ हा नंबर बघा, आणि पट्टा लावा, कारण न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी उडून जातं.

लॉरेन्सच्या त्या ब्रफचं फारसं नुकसान झालं नव्हतं. जीडब्ल्यू २२७५ नंबरची ती गाडी आजही जपून ठेवलेली आहे.