भास्कराचार्यांची दोन माकडे

शंभर हात उंच झाडावर दोन माकडे बसली आहेत. झाडापासून दोनशे हातांवर विहीर आहे. एक माकड झाडावरून उतरून जमिनीवरून विहिरीकडे जाते. दुसरे आधी सरळ वर उडी घेते आणि तेथून तिरके विहिरीवर येते. दोघांनी कापलेले अंतर सारखेच भरते. तर दुसऱ्याने किती उंच उडी मारली?

हे उदाहरण 'लीलावती'तले आहे. ती लिहिणारे भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मले. सह्याद्रीच्या पायथ्याचे विज्जलविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. नुसती सूत्रे देऊन ते थांबले नाहीत. त्यामागची कारणे सांगणारे 'वासनाभाष्य'ही त्यांनी स्वतःच लिहिले.

माकडांचे उत्तर ५० हात. पहिले माकड १०० अधिक २००, म्हणजे ३०० हात गेले. दुसरे ५० हात वर गेल्यावर जमिनीपासून १५० हातांवर होते. तेथून विहिरीपर्यंतचा कर्ण २५० हात, म्हणून त्याचेही एकूण ३०० हात. आजच्या पदार्थविज्ञानात याला 'अंतर' म्हणतात. 'विस्थापन' वेगळे. ते सुरुवात आणि शेवट जोडणारी सरळ रेषा व तिची दिशा पाहते. दोन्ही माकडांचे विस्थापन सुमारे २२४ हातच, झाडाच्या शेंड्यापासून विहिरीकडे. पारनेरहून सुप्यावरून अहिल्यानगरला जाणारी एसटी वळणे घेत जाते. तिच्या मीटरवर पडते ते अंतर. विस्थापन मात्र सरळ रेषेतले, पूर्वेकडे आणि किंचित उत्तरेकडे. विद्यार्थी आकृती न काढता आकडे सूत्रात घालतात आणि नेमके येथेच चुकतात.

भास्कराचार्यांसाठी खरा प्रश्न आकाशात होता. चंद्र रोज सरासरी सुमारे १३ अंश सरकतो, पण कधी १२ अंशांहून कमी, तर कधी १५ अंशांपर्यंत. कालच्या आणि आजच्या स्थानांतला फरक ही झाली दिवसाची सरासरी गती. तिथी किंवा ग्रहणाची वेळ काढताना ती अपुरी पडते. त्या घटकेला चंद्र किती वेगाने चालला आहे, हे कळावे लागते. तिला त्यांनी 'तात्कालिक गती' म्हटले आणि ती काढण्याची रीत दिली. या विचाराचे बीज आधीच्या गणितींतही होते. भास्कराचार्यांनी त्याला स्पष्ट रूप दिले. ग्रहाचे सरासरी आणि प्रत्यक्ष स्थान यांतला फरक जेथे सर्वाधिक होतो, तेथे त्या फरकाची गती शून्य असते, हेही त्यांनी ओळखले. युरोपात कलनशास्त्र आकाराला आले ते सतराव्या शतकात.

११८३ मध्ये, एकोणसत्तरीत, त्यांनी सोप्या आकडेमोडीसाठी 'करणकुतूहल' रचले. पुढे ज्ञान टिकवण्याची जबाबदारी घराण्याने घेतली. पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी होते. नातू चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापला. त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आज डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाहाचा वेग मोजतात, तेव्हा नुसता आकडा पुरत नाही. रक्त यंत्राच्या टोकाकडे येत आहे की दूर जात आहे, हे पडद्यावरचे रंग सांगतात. झडपेतून रक्त उलटे गळत असेल, तर ते या दिशेवरूनच ओळखता येते. किती वेगाने, कोणत्या दिशेला आणि नेमके कोणत्या क्षणी, हे तिन्ही प्रश्न वेगाच्या प्रत्येक गणितात विचारावे लागतात.