नभोवाणीवरील क्रीडावर्णनकार : बॉबी तल्यारखान

मैदानावर रंगलेला सामना पूर्वी तेथे हजर असणाऱ्यांनाच दिसे. मुंबईपासून शेकडो मैल दूर असलेल्या धाराशिवसारख्या गावच्या क्रिकेटवेड्याला, उशिरा हाती पडणाऱ्या वर्तमानपत्रावरच तहान भागवावी लागे. नभोवाणीने ही उणीव भरून काढली. इंग्लंडमध्ये १९२७ साली रग्बीच्या सामन्याचे धावते वर्णन प्रथम प्रक्षेपित झाले. पुढे तेथील लोक मोटारसायकलींच्या शर्यतीही घरबसल्या ऐकू लागले. आपल्या देशात या कलेचा पाया घातला तो अर्देशीर फुर्दोरजी सोराबजी तल्यारखान यांनी. लोक त्यांना बॉबी या नावानेच ओळखत.

या पारशी गृहस्थांचा जन्म १८९७ सालचा. १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर चौरंगी स्पर्धेतील पारशी व मुसलमान या संघांचा सामना होता. तल्यारखान ध्वनिक्षेपकासमोर बसले आणि इंग्रजीतून खेळाचे वर्णन करू लागले. हे काम वाटते तितके सोपे नव्हे. गोलंदाज धावत निघाला की त्याची चाल सांगावयाची, चेंडू कोठे टप्पा घेतो, फलंदाज तो कसा टोलवतो, कोण अडवतो, धावा किती झाल्या, हे सारे पुढला चेंडू पडण्याच्या आत सांगून मोकळे व्हावयाचे! मध्येच थांबावे, तर यंत्र बिघडले की काय, असे श्रोत्यांना वाटावयाचे. तल्यारखान तर सबंध दिवस एकटेच बोलत. उपाहार व चहा यांच्या सुट्टीपुरताच काय तो त्यांच्या घशाला विसावा. त्यांचा भरदार आवाज ऐकताना मैदान डोळ्यांपुढे उभे राही.

मात्र ध्वनिक्षेपकात दुसरा वाटेकरी त्यांना खपत नसे. १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, त्या सुमारास आकाशवाणीने हे काम अनेक वर्णनकारांत वाटून देण्याचे ठरविले. कसोटी सामना पाच दिवसांचा. तेव्हा ही योजना गैर होती असे म्हणवत नाही. पण तल्यारखानांना ती रुचली नाही. ज्या कामाने त्यांना घराघरांत पोहोचविले, तेच त्यांनी सोडून दिले. पुढे काही प्रसंगी ते नभोवाणीवर परतले. परंतु पहाटेपासून रेडिओभोवती दाटी करावी, असे ते एकछत्री दिवस पुन्हा आले नाहीत. लेखणी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. वृत्तपत्रांतून खेळाडूंची व क्रीडासंस्थांची ते निर्भीडपणे झाडाझडती घेत. १९९० साली त्यांचे निधन झाले.