न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : वारसाहक्काचे मर्मज्ञ

आपल्या सारस्वत समाजाने विद्येच्या बळावर ज्यांच्यामुळे मान मिळविला, त्या पुरुषांत कै. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे नाव अग्रभागी आहे. गीतेचे भाषांतरकार व राष्ट्रसभेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु घरोघरच्या वाटणीशी, दत्तकाशी आणि मृत्युपत्राशी ज्या विषयाचा संबंध, त्या हिंदू धर्मशास्त्रातील त्यांच्या कार्याचे स्मरण सहसा होत नाही. ते येथे करावयाचे आहे.

तेलंगांचा जन्म 30 ऑगस्ट 1850 रोजी मुंबईस झाला. त्यांचे जनक पिते बापू रामचंद्र. परंतु चुलते त्र्यंबक रामचंद्र यांनी त्यांस दत्तक घेतले. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरचा वारसा सुटतो व दत्तकघरी तो औरसाच्या जागी बसतो, हा शास्त्रार्थ त्यांच्या वाट्यास पोथीत वाचण्यापूर्वीच आला होता. अमरचंद वाडीतील मराठी शाळेत त्यांचे शिक्षण सुरू झाले. 1859 साली ते एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. तेथे नारायण महादेव परमानंद यांच्यासारखे गुरू त्यांस लाभले व पुढे तेच त्यांचे जिवलग स्नेही झाले. एम. ए. व एलएल. बी. या पदव्या संपादन केल्यावर, आपल्याच समाजातील बाळ मंगेश वागळे यांनी पाडलेल्या वाटेने ते हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडकडे वळले आणि 1872 साली ॲडव्होकेट झाले. युरोपियन बॅरिस्टरांचे वर्चस्व असलेले ते क्षेत्र होते.

तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयीचा कायदा 1870 साली झाला होता. मुंबई शहरातील हिंदूने केलेल्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदार असले पाहिजेत आणि त्याचे प्रोबेट घेतले पाहिजे, हा दंडक नवाच होता. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कोणास देता येत नसे. स्वकष्टार्जित मिळकत मात्र देता येई. यास्तव कोणती मिळकत वडिलोपार्जित व कोणती स्वतःची, यावर घरेच्या घरे कोर्टात उभी राहत. मुंबईत मिताक्षरेबरोबर व्यवहारमयूखालाही मोठे प्रामाण्य होते. हे ग्रंथ इंग्रज वकील भाषांतरातून वाचीत. तेलंग मूळ संस्कृतातून वाचीत. त्यामुळे त्यांचा व्यवसाय लवकरच भरभराटीस आला. सरकारी नोकरी चालून आली असता त्यांनी ती नाकारली. 1889 साली मात्र, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी हायकोर्टाचे न्यायमूर्तिपद स्वीकारले.

त्यांच्या न्यायबुद्धीची कसोटी पाहणारा खटला आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा होय. त्याचा निकाल 1892 च्या कायदेवृत्तात प्रसिद्ध झाला. बाप आपल्या वडिलांशी वा भावांशी एकत्र राहत असता, बापाची संमती नसताना मुलास वाटणी मागता येते काय, असा प्रश्न पूर्णपीठापुढे होता. बहुमताने नकारार्थी निर्णय झाला. तेलंगांनी एकट्याने भिन्न मत दिले. मुलाचा हक्क जन्मासरशी उत्पन्न होतो, तर तो बजावण्यास बापाची परवानगी का लागावी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. मुंबईत बहुमताचाच नियम चालला. परंतु मद्रास व अलाहाबाद येथील न्यायालयांनी मुलाचा हक्क मान्य केला.

या थोर पुरुषाच्या चरित्रात एक दुखरी जागा आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. सुधारणेचे पुरस्कर्ते असलेल्या आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यास पाठिंबा देणाऱ्या तेलंगांनी मृत्यूपूर्वी थोडाच काळ आपल्या अल्पवयीन कन्येचा विवाह केला. त्यांच्यावर कठोर टीका झाली. एकत्र कुटुंबातील व्यक्तीचा हक्क ज्यांनी न्यायासनावरून एकट्याने मांडला, त्यांसही स्वतःच्या घरात एकटे उभे राहता आले नाही. घर हे कोर्टापेक्षा कठीण, हाच यातला बोध.

1892 साली ते मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू व एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. 1 सप्टेंबर 1893 रोजी, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

तेव्हापासून कायदा पुष्कळ पालटला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. 2005 च्या दुरुस्तीने कन्येस पुत्राप्रमाणेच जन्मतः हक्क मिळाला. गोव्यातील वारसाचा कायदा निराळा आहे, हे तिकडे घरदार असलेल्या बांधवांनी ध्यानी ठेवावे. कायदा पालटला, पण भाऊबंदकी पालटली नाही. शुद्धीवर व सुखात असतानाच जाणत्या वकिलाच्या सल्ल्याने मृत्युपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या आणि कन्येचा हक्क दयेने नव्हे तर न्यायाने ओळखावा. आपल्या घरात एवढे घडले, तर तेलंगांचे स्मरण केवळ तसबिरीपुरते उरणार नाही.