डॉक्टर ओस्वाल्ड एव्हरी

पेनिसिलिनसारखीं औषधें जेव्हां नव्हतीं, तेव्हां न्यूमोनिया म्हणजे साक्षात् यमदूतच समजला जाई. धडधाकट तरुणहि थोड्या दिवसांत दगावत असे. ह्या रोगाच्या जंतूचें मर्म शोधण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें, त्या डॉक्टर ओस्वाल्ड एव्हरी ह्यांचें अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एव्हरी ह्यांचा जन्म १८७७ सालीं कॅनडांतील हॅलिफॅक्स शहरीं झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. १८८७ सालीं हें कुटुंब न्यूयॉर्क येथें आलें. १९०४ सालीं एव्हरी ह्यांनीं वैद्यकीय पदवी मिळविली. कांहीं वर्षांनीं वैद्यकी सोडून ते संशोधनाकडे वळले व १९१३ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेच्या रुग्णालयांत रुजू झाले.

न्यूमोनियाचा जंतु आपल्या देहाभोंवतीं एक निसरडें कवच धारण करतो. रक्तांतील पांढऱ्या पेशी एरव्हीं जंतूंस गिळून टाकतात. परंतु ह्या कवचामुळें त्यांस तो पकडतां येत नाहीं. कवच गमावलेला जंतु मात्र बहुधा निरुपद्रवी ठरतो. हें कवच शर्करेच्या वर्गांतील पदार्थाचें आहे, असें १९२३ सालीं एव्हरी व हायडेलबर्गर ह्यांनीं दाखविलें. शरीराची प्रतिकारशक्ति केवळ प्रथिनेंच ओळखते, असा तेव्हां विद्वानांचा समज असल्यामुळें अनेकांस हें पटेना. जंतूच्या प्रत्येक जातीची शर्करा निराळी. म्हणूनच एका जातीवरील सीरम दुसरीवर चालत नसे. पुढें १९३० सालीं एव्हरी व द्युबो ह्यांनीं मातींतील एका जंतूपासून तिसऱ्या जातीचें कवच विरघळविणारा पदार्थ मिळविला. तो टोंचलेले उंदीर त्या रोगांतून वांचले. कारण उघडे पडलेले जंतु पांढऱ्या पेशींनीं गिळून टाकले.

परंतु हें कवच विणण्याची आज्ञा जंतूस कोण देतो? मेलेल्या सकवच जंतूंच्या सान्निध्यांत जिवंत कवचहीन जंतूंस कवच येतें, असें १९२८ सालीं इंग्लंडांत ग्रिफिथ ह्यांस आढळलें होतें. एव्हरी ह्यांस प्रथम शंका वाटली. तथापि त्यांनीं ह्या प्रश्नाचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. अखेर १९४४ सालीं, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, मॅक्लिऑड व मॅकार्टी ह्या सहकाऱ्यांसह त्यांनीं उत्तर प्रसिद्ध केलें : ती आज्ञा डीएनए ह्या द्रव्यांत असते. अनुवंशशास्त्राचें नवें युग येथूनच सुरू झालें.

एव्हरी १९५५ सालीं नॅशव्हिल येथें निवर्तले. नोबेल पारितोषिक त्यांस लाभलें नाहीं. परंतु ज्या शर्करेच्या आड जंतु लपत असे, तीच आतां लशींत घालून शरीरास शत्रूची ओळख आधींच करून देतात. अशी एक लस पुण्यांत तयार होऊन २०२० सालीं उपलब्ध झाली, आणि २०२१ सालापासून न्यूमोनियाच्या ह्या जंतूवरील लस भारतभर बालकांस सरकारतर्फे विनामूल्य मिळूं लागली. त्या बालकांस एव्हरी हें नांव ठाऊक नसेल. परंतु त्यांच्या सुखरूप श्वासांत ह्या अबोल संशोधकाच्या श्रमांचा वांटा आहे, हें आम्हां विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.