आद्याचार्य श्रीनागदेव : असन्निधानातील मार्गदर्शक

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे बीजे केले, तेव्हा त्यांच्या परिवारापुढे उभा राहिलेला प्रश्न केवळ विरहाचा नव्हता. सन्निधानाच्या काळात शंका आली की ती श्रीचरणी निवेदन करावी आणि तत्काळ निराकरण व्हावे, अशी स्थिती होती. मतभेद झाला तरी त्याचे आयुष्य एका प्रहराहून अधिक नसे. आता देव दृष्टीआड झाले होते. मागे राहिली ती माणसे, आणि प्रत्येकाच्या स्मरणात साठलेले थोडे थोडे वचन. मठ नव्हता, ग्रंथ नव्हता, लिहून ठेवलेली आचारसंहिता नव्हती. अशा वेळी एखादा परिवार पाचपंचवीस वर्षांत विरून जातो. आपला परमार्ग विरला नाही, याचे श्रेय परमेश्वरकृपेच्या खालोखाल ज्या एका पुरुषाकडे जाते, ते आचार्य श्रीनागदेव, परिवाराचे भटोबास.

त्यांचा जन्म शके ११५८ म्हणजे इ. स. १२३६ चा. माता आबाइसा आणि भगिनी उमाइसा या दोघीही स्वामींच्या परिवारातील, आणि महदाइसा ही त्यांची चुलत बहीण. एकाच कुळातील इतकी माणसे एका चरणी यावीत हे दुर्मिळच. परंतु नागदेवांच्या ठिकाणी विशेष होता तो त्यांच्या अनुसरणातील तीव्रतेचा. स्वामींविषयी त्यांची आसक्ती इतकी उत्कट होती की वियोगानंतर त्यांचे शरीर व चित्त कोणत्या अवस्थेस पोचले, हे आठवताना जुन्या मंडळींनाही गहिवर येत असे. पुढे ज्याला शेकडो लोकांना धीर द्यायचा होता, तो पुरुष प्रथम स्वतः पूर्णपणे कोसळला होता, ही गोष्ट चरित्रकारांनी लपविली नाही. तिच्याकडे न्यून म्हणून पाहू नये. ज्याला वियोग कळला नाही, त्याला असन्निधानाचा धर्म काय सांगता येणार?

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे हा परिवार रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस गेला. तेथे सुमारे चौदा वर्षे गेली. श्रीप्रभूंची सेवा सोपी नव्हती. राऊळ लौकिक दृष्टीने वेड्यासारखे वागत. कधी बालकासारखा हट्ट, कधी क्रोध, कधी अकारण हास्य. पद्धतशीर निरूपण ते करीत नसत. तर्काने चालणाऱ्या माणसाचा तेथे टिकाव लागणे कठीण होते. नागदेव तेथे राहिले ते सेवक म्हणून. ज्ञानाचा अधिकार त्यांना स्वामींकडून लाभला होता, तरी त्या चौदा वर्षांत त्यांनी स्वतंत्र गादी मांडली नाही. पुढे परिवाराने त्यांचा शब्द मानला त्याची मुळे मला या काळात दिसतात. लोकांनी त्यांना आज्ञा करताना पाहण्यापूर्वी आज्ञा पाळताना पाहिले होते.

याच रिद्धपुरी, वाजेश्वरीच्या स्थानी, म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या. इ. स. १२७८ च्या सुमाराचे हे कार्य. सराळ्याचे म्हाइंभट हे मोठे विद्वान. परंतु या कामात त्यांची विद्वत्ता दुय्यम होती आणि नागदेवांचे स्मरण प्रमुख होते. आश्चर्य असे की नागदेवांच्या स्मरणावरच सर्व भार टाकून हे काम संपविले गेले नाही. ज्या लीळेस जो प्रत्यक्ष उपस्थित होता, त्याच्याकडून ती पडताळून घेण्यात आली. पुढील परंपरेनेही जेथे दोन स्मरणे जुळली नाहीत, तेथे पाठभेद जपून ठेवले. सर्वांत अधिकारी असणाऱ्या पुरुषाने आपल्या आठवणीशेजारी सामान्य भक्ताची आठवण बसू द्यावी, ही घटना लहान नाही. एखाद्या मंडळाचा प्रमुख आपणच सर्व ऐकले आणि आपणच सर्व जाणतो असे म्हणू लागला, की त्या मंडळाची स्मृती त्याच्याबरोबरच सरणावर जाते.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूही अंतर्धान पावले. दुसऱ्यांदा परिवार पोरका झाला. यानंतर नागदेव गंगातीरी आले आणि निंबे हे त्यांचे मुख्य स्थान झाले. आता मात्र भार टाळता येण्यासारखा नव्हता. त्यांच्याभोवतीच्या परिवारात केशिराजबास, पंडित दामोदर यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. हिराइसेसारखी तीव्र ग्रहणशक्तीची स्त्री होती. अक्षरओळख नसलेल्या वृद्धा होत्या. कोणी वैराग्यात पुढे, कोणी ज्ञानात पुढे, कोणी केवळ प्रेमाने चिकटून राहिलेले. या सर्वांना एकाच काठीने हाकणे शक्य नव्हते, आणि प्रत्येकास मोकळे सोडले असते तर मार्ग उरला नसता.

येथे तो प्रसिद्ध प्रसंग येतो. केशिराजबास आणि पंडित हे संस्कृतातून प्रश्न करू लागले, तेव्हा आचार्यांनी ते चालू दिले नाही. स्वामींनी आपल्याला मराठीतून निरूपण केले आहे, तेव्हा विचारायचे ते मराठीतूनच विचारावे, असे त्यांनी सांगितले. पुढे केशिराजबासांनी सूत्रांचे प्रकरण संस्कृतात करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हाही त्यांनी निषेध केला; आणि कारण दिले ते असे की त्यामुळे स्वामींचा सामान्य परिवार नागवला जाईल.

या प्रसंगाचा उपयोग अनेक जण मराठीच्या अभिमानासाठी करतात. तो अभिमान योग्यच आहे. पण आचार्यांचा हेतू भाषाभिमानाचा होता असे मला वाटत नाही. संस्कृताशी त्यांचे वैर नव्हते. केशिराजबासांचेच रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे आणि परिवारात ते आदराने स्वीकारले गेले. स्तोत्र संस्कृतात असले तर कोणाचे काही जात नाही. प्रकरण संस्कृतात गेले असते तर मात्र आचाराचा आधारच मूठभरांच्या हाती राहिला असता आणि उरलेल्यांना त्यांच्या तोंडाकडे पाहत बसावे लागले असते. नागवणे हा शब्द आचार्यांनी विचारपूर्वक योजला असावा. ज्ञान ही त्या वृद्धांची मिळकत आहे, आणि ती विद्वानांनी सद्भावनेने का होईना, परंतु काढून घेऊ नये, असा त्याचा अर्थ होतो. केशिराजबासांसारख्या श्रेष्ठ शिष्याला दुखविण्याचा धोका पत्करून त्यांनी अनुपस्थित असणाऱ्या, बोलू न शकणाऱ्या माणसांची बाजू घेतली. आणि केशिराजबासांनी ती मानली. त्यांनी सूत्रपाठ मराठीतच सिद्ध केला, दृष्टांतपाठही मराठीतच. शिष्याचा हा विनय आचार्यांच्या अधिकाराइतकाच वंदनीय आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चौदाव्या शतकापासून आपल्या पूर्वजांनी हेच ग्रंथ सकळादी सांकेतिक लिप्यांत ठेवले. काळ आक्रमणांचा होता, ग्रंथांचे पावित्र्य राखण्याची चिंता खरी होती, आणि त्या लिप्यांमुळेच कित्येक पोथ्या शुद्ध पाठासह आपल्यापर्यंत आल्या. परंतु त्याच लिप्यांमुळे कित्येक शतके बाहेरच्या मराठी माणसाला त्या वाचता आल्या नाहीत, आणि गैरसमज वाढत गेले. आचार्यांच्या त्या निषेधाशी हे कसे जुळते, याचा विचार विद्वान महंतांनी करावा.

प्रश्न विचारण्याची भाषा आचार्यांनी ठरवून दिली. प्रश्न मात्र कधी बंद केले नाहीत. महदाइसा हे याचे उत्तम उदाहरण. श्रीप्रभूंच्या विवाहलीलेच्या प्रसंगी धवळे रचणारी ही विदुषी सतत पृच्छा करीत असे. सन्निधानात स्वामींना विचारी, असन्निधानात नागदेवांना. एवढी पृच्छा दुसऱ्या एखाद्या प्रमुखाला अवज्ञा वाटली असती. नागदेवांनी तिला धर्माची रक्षक म्हटले, आणि ती आपल्याला निरंतर विचारीत असते हे तिच्या गौरवात सांगितले. तेराव्या शतकात एका स्त्रीच्या जिज्ञासेविषयी एका आचार्याने काढलेले हे उद्गार आहेत.

त्यांची कीर्ती राजसभेपर्यंत गेली होती. इ. स. १२९२ मध्ये रुक्मिणीस्वयंवर रचणाऱ्या नरेंद्रकवीने ते काव्य रामदेवरायाच्या नावावर करण्यास नकार दिला आणि तो आचार्यांच्या परिवारात आला, असे परंपरा सांगते. त्यानंतर चारच वर्षांनी अल्लाउद्दीनाने देवगिरीवर स्वारी केली. राज्य खचू लागले. भिक्षा, अटन आणि विजन यांवर जगणाऱ्या परिवाराला राजाश्रयाची सवय लागली नव्हती, त्यामुळे राज्याबरोबर तो खचला नाही.

शके १२२४, म्हणजे इ. स. १३०२ मध्ये नागदेवांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर आचार्यपद बाईदेवबासांकडे आले, आणि त्यांच्यामागून कवीश्वर भास्करभटांकडे. कालांतराने आम्नाय निर्माण झाले, मतभेदही झाले. तरी प्रत्येक आम्नायाची परंपरा नागदेवांपाशीच जाऊन मिळते.

शिष्यांनी त्यांच्याही आठवणी गोळा केल्या. परंतु त्या संग्रहास लीळा हे नाव दिले नाही. तो स्मृतिस्थळ झाला. परमार्गाच्या प्रमाणव्यवस्थेत स्वामींचे वचन ते श्रुती, नागदेवांचे वचन ते स्मृती, आणि त्यांच्या शिष्यांचा आचार तो वृद्धाचार. दुसरे स्थान ज्याने स्वतःसाठी जन्मभर राखले, त्याला मार्गाने तेच स्थान दिले आहे.