निजामाचा मुसव्विर : राजा दीनदयाळ

माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो की लातूरच्या सिद्धेश्वराची, गळ्यात कॅमेरा आणि सोबत छोटासा प्रिंटर घेऊन फिरणारा छायाचित्रकार अशा गर्दीत आता कुणाला नवलाचा वाटत नाही. फोटो काढला की मिनिटाभरात कागद हातात. त्याच्याही पुढे जाऊन स्वतःच्या पोटातूनच छापील फोटो बाहेर काढणारे डिजिटल कॅमेरे बाजारात आले. त्यातल्या काहींना शाईसुद्धा लागत नाही. उष्णता मिळताच रंग धरणारा खास कागद त्यांत वापरलेला असतो. फोटो पाहण्यासाठी वाट पाहावी लागते, ही गोष्टच आता विस्मरणात चालली आहे. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका छायाचित्रासाठी किती खटाटोप करावा लागे आणि एवढे करून ते कुणाच्या हाती पडे, हे समजून घ्यायचे तर राजा दीनदयाळ यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

दीनदयाळ हे मूळचे ना हैदराबादचे, ना दख्खनचे. १८४४ साली मीरतजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बेगम समरूमुळे इतिहासात नाव मिळवलेले हे गाव. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १८६६ मध्ये इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी धरली. नकाशे काढणे, खर्चाचे अंदाज बांधणे हे त्यांचे रोजचे काम. रेघ सरळ हवी, माप चुकता कामा नये, ही शिस्त तिथेच अंगी बाणली असावी. त्यांच्या छायाचित्रांतील इमारती पाहिल्या की हा माणूस आधी अभियंता होता, हे वेगळे सांगावे लागत नाही. खांब उभे आहेत, पायऱ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट आहेत.

छायाचित्रणाकडे ते वळले ते १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत आल्यावर. त्यांना आधार मिळाला तो मराठी माणसाला जवळच्या अशा इंदूर दरबाराचा. महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले आणि मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळ यांना लाभली. सरकारी कारकुनीत रुतलेल्या माणसाला एवढ्या लवकर असे दरवाजे उघडणे हे त्या काळी सोपे नव्हते.

त्या वेळचे तंत्र ओल्या काचेचे होते. काचेच्या स्वच्छ तावदानावर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, काही सेकंद झाकण उघडायचे आणि थर वाळण्याच्या आत पुन्हा अंधारात नेऊन ती धुवायची. हा सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. उन्हाळ्यात त्याहूनही कमी. म्हणून कॅमेऱ्यासोबत काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याची भांडी आणि काचांच्या पेट्या बैलगाडीवर लादून न्याव्या लागत. गंमत अशी की, या किचकट पद्धतीत छायाचित्रकाराला आपले काम जागच्या जागी दिसत असे. काच बिघडली तर ती तिथेच कळे आणि दुसरी घेता येई. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जे समाधान मिळते, त्याचा एक उलटा, काळा-पांढरा अवतार त्या तंबूत होता. कागदावरची प्रत मात्र फार दूर होती.

१८८२ मध्ये डॅली यांच्यानंतरचे अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतातील प्राचीन वास्तूंच्या दौऱ्यावर निघाले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, सांची असा तो प्रवास. त्यातून १८८६ मध्ये मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंविषयीचा ग्रंथ निघाला. मजकूर ग्रिफिन यांचा, पण आज तो ग्रंथ लोक उघडतात तो छायाचित्रांसाठी. याच सुमारास दीनदयाळ यांनी नोकरीतून दीर्घ रजा घेतली आणि पुढे ती नोकरीच सोडली. निवृत्तिवेतनाच्या सुरक्षित वाटेवरून उतरून त्यांनी पोट कॅमेऱ्यावर सोपवले.

हा निर्णय त्यांना परवडला, कारण तंत्रही बदलत होते. जिलेटिनच्या कोरड्या काचा कारखान्यात तयार होऊन पेटीबंद मिळू लागल्या. तंबूची गरज संपली. घेतलेली काच नंतर सवडीने धुता येऊ लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या काचा इतक्या संवेदनशील होत्या की सेकंदाच्या अंशात चित्र टिपता येई. घोडदळाची कवायत, शिकारीचा तळ, मिरवणुकीतला हत्ती या हलत्या गोष्टी प्रथमच काचेवर स्थिर झाल्या. शीघ्र छायाचित्रण म्हणतात ते हेच. मात्र शीघ्र होते ते टिपणे. पाहणे उलट लांबले. दौऱ्यावर घेतलेली काच मुक्कामी परतल्यावरच उजेडात यायची. दख्खनच्या उन्हाळ्यात जिलेटिनचा थर कोमट पाण्यातही सैल पडे, म्हणून थंड पाणी मिळवणे ही एक वेगळीच चिंता. मग अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद चांदीच्या द्रावणाने संवेदनशील करून काचेखाली ठेवायचा आणि उन्हात धरायचा. चित्र उमटले की सोन्याच्या क्षाराने त्याला रंग द्यायचा, हायपोत स्थिर करायचे आणि तासन् तास धुवायचे. ऊन नसेल तर छपाई नाही. पावसाळ्यात अशा छपाईचा खोळंबा होणारच. शिवाय प्रत काचेएवढीच निघे. मोठे चित्र हवे तर काचही मोठी आणि ओझेही मोठे.

१८८४-८५ च्या सुमारास दीनदयाळ हैदराबादला आले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या हाती नुकताच कारभार आला होता. वय अवघे अठरा-एकोणीस, शिकारीचा नाद मोठा आणि आपले राज्य जगाला दिसावे ही हौसही तेवढीच. त्यांनी दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ उभा राहिला. राजवाडे, दिवाणखाने, तोफखाना, पलटणी, मेजवान्या, मारलेले वाघ, सारे काही काचेवर आले. १८९४ मध्ये निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. छायाचित्र ही कला की यंत्राची करामत, यावर युरोपात वाद झडत असताना हैदराबादच्या दरबाराने आपल्यापुरता निकाल देऊन टाकला होता.

निजामाच्या मराठवाड्याशी दीनदयाळ यांचा संबंध येतो तो प्रामुख्याने औरंगाबाद परिसरातून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून. वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला ही त्यांच्या कॅमेऱ्यासमोर आली. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेल्वे पूर्ण झाली ती १९०० च्या सुमारास. लातूरला तर बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ मध्ये पोचली. त्याआधी सिकंदराबादहून वेरूळ गाठायचे म्हणजे काचांच्या पेट्या जपत केलेला लांबचा प्रवास. कैलास लेण्याचे त्यांचे छायाचित्र पाहताना प्रकाशाची निवड थक्क करते. दगडातून कोरलेल्या त्या खोल चौकात ऊन थोडाच वेळ उतरते आणि त्या वेळेची वाट पाहण्याशिवाय इलाज नसतो.

त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वेगळा प्रयोग मात्र राजवाड्याचा किंवा लेण्याचा नव्हे. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ सुरू केला. उंच भिंतींचे आवार, आत पुरुषांना मज्जाव आणि कॅमेऱ्यामागे केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. पडद्यातील स्त्रीचा फोटो काढायचा तर अडचण केवळ कॅमेऱ्यासमोर बसण्याची नव्हती. काच धुणारा, प्रत छापणारा, पुठ्ठ्यावर चिकटवणारा अशा किती परक्या नजरांखालून ते चित्र जाणार, हा खरा प्रश्न होता. दीनदयाळ यांनी तो ओळखला, यात त्यांची व्यापारी नजर दिसते आणि समाजाची जाणही.

हाच प्रश्न पुढे अर्ध्या शतकाने निराळ्या वाटेने सुटला. १९४३ मध्ये सहलीवर असताना अमेरिकन संशोधक एडविन लँड यांना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने आत्ता काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असे विचारले. त्यातून जन्मलेला पोलरॉईड कॅमेरा २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या एका दुकानात विक्रीला आला. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. मिनिटभराने तपकिरी छटेची प्रत हाती येई. मध्ये काळोखी खोली नाही आणि तिथला तिसरा माणूसही नाही. त्या कॅमेऱ्याच्या लोकप्रियतेचे हे एक मोठे कारण होते. त्याची किंमत अशी की प्रत एकच. तिचे निगेटिव्ह टाकून द्यायचे. फोटो हरवला की संपला. दीनदयाळ यांच्या काचेतून मात्र शंभर प्रती निघत आणि त्या शंभरही कुणाकुणाला द्यायच्या हे पैसे मोजणारा ठरवी.

कुणाला द्यायच्या, हा मुद्दा १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या छायाचित्रांपाशी फार टोचतो. त्या वर्षी दख्खन होरपळून निघाले. निजाम सरकारने उघडलेल्या मदतकार्याची छायाचित्रे दीनदयाळ यांच्या संस्थेने घेतली; त्यांत औरंगाबादची आहेत. बरगड्या मोजता येतील अशी माणसे, पोटे खपाटीला गेलेली मुले, कॅमेऱ्यासमोर रांगेने बसवलेली. संस्थानचा कारभार दयाळू आहे, हे वरिष्ठांना दाखवावे हा त्यामागचा हेतू. राजवाड्यातील झुंबरे ज्या काटेकोरपणे टिपली, त्याच काटेकोरपणे ही माणसेही टिपली गेली आणि त्यामुळे सांगायचे होते त्याहून बरेच जास्त त्या काचांनी सांगितले. छायाचित्रकाराला याची जाणीव होती की नाही, हे आता ठरवता येणार नाही. दरबाराच्या मर्जीवर जगणाऱ्या माणसाकडून उघड निषेधाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल; पण त्यांनी काही लपवलेही नाही. रांगेतल्या त्या माणसांना आपले चित्र पाहायला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या प्रती कातडी बांधणीच्या अल्बमांत बसून व्हाइसरॉयच्या संग्रहात गेल्या.

या सगळ्या काळात व्यवसाय भरभराटीला आला होता. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची छायाचित्रे झळकली. १८९६ मध्ये मुंबईत भव्य स्टुडिओ निघाला, आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून सनद मिळाली. इंदूर, सिकंदराबाद, मुंबई अशा तीन ठिकाणी कारभार पसरला. तो सांभाळायला मुलगे ज्ञानचंद आणि धर्मचंद होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन शिकारीसाठी निजामाच्या राज्यात आले. मारलेल्या वाघाशेजारी उभ्या असलेल्या कर्झन पतिपत्नींचे छायाचित्र इंग्रजी राजवटीचे जणू बोधचिन्ह होऊन बसले आहे. पुढच्या वर्षी दिल्लीचा दरबारही त्यांनी टिपला.

पण वैभव टिकले नाही. १९०४ मध्ये धर्मचंद वारले आणि ५ जुलै १९०५ रोजी स्वतः दीनदयाळ यांनी जगाचा निरोप घेतला. १९११ मध्ये आश्रयदाते महबूब अली खानही गेले. तोवर कोडॅकचे छोटे कॅमेरे हौशी लोकांच्या हातात आले होते आणि मोठ्या काचांचा, तितक्याच मोठ्या पुठ्ठ्यांचा धंदा ओसरू लागला होता. ज्ञानचंद यांनी सिकंदराबादचा स्टुडिओ चालवला, परंतु पूर्वीचा डौल परतला नाही.

काचा मात्र राहिल्या. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने २,८५७ निगेटिव्ह मिळवल्या. २००६ मध्ये टपाल खात्याने दीनदयाळ यांच्यावर तिकीट काढले. केंद्रात जपलेल्या त्या काचांवरून आजही नव्या प्रती छापता येतात.